एका टेकडीवरची दोन छपरे

इटलीतील सिएना शहराच्या दक्षिणेस, मुर्लो या लहानशा गावाजवळ, दाट झाडीने झाकलेली एक टेकडी आहे. तिचे नाव पोज्जो चिविताते. सुमारे २६०० वर्षांपूर्वी या टेकडीवर आग लागली. तेथे उघड्या बाजूंचा एक लांबलचक कारखाना होता आणि त्याच्या जमिनीवर, भट्टीत जाण्यापूर्वीची कच्ची कौले वाळत घातलेली होती. आग भडकली तशी माणसे वाट फुटेल तिकडे धावली. धावताना काहींचे पाय त्या ओलसर कौलांवर पडले. मग वरचे जळते छप्पर खाली आले. ज्या आगीने कारखाना गिळला, तिनेच ती कच्ची कौले भाजून काढली आणि पळणाऱ्यांच्या पावलांचे ठसे मातीत कायमचे राहिले.

त्या माणसांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्यातले कोणी वाचले की नाही, हेही ठाऊक नाही. पण प्राचीन इटलीतील एका विशिष्ट दिवसाच्या, विशिष्ट क्षणाच्या इतक्या जवळ नेणारा पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो. तो कुठल्या राजाच्या थडग्यात सापडला नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या उत्खननकर्ते ‘राडारोडा’ म्हणत आले, त्या कोसळलेल्या छपराखाली तो मिळाला.

या धाग्याचा विषय तो राडारोडा आहे.

आधी एत्रुस्कनांविषयी थोडे. रोमचा उदय होण्यापूर्वी आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यानच्या प्रदेशात ज्यांच्या नगरराज्यांचे वर्चस्व होते, ते हे लोक. लिपी त्यांनी ग्रीकांकडून घेतली, त्यामुळे त्यांचे लेख वाचता येतात. भाषा मात्र ग्रीक-लॅटिनच्या कुळातली नाही, त्यामुळे वाचलेले सगळे समजत नाही. त्यांचे ग्रंथ लयाला गेले. हाती उरलेला सर्वांत मोठा मजकूर तागाच्या कापडावर लिहिलेला आहे, आणि तोही वाचला तो एका इजिप्शियन ममीला गुंडाळण्यासाठी त्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या गेल्या म्हणून! आज तो झाग्रेबच्या संग्रहालयात आहे.

एवढ्यावरून ‘गूढ एत्रुस्कन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि तो काही केल्या मागे हटत नाही. परंतु या गूढतेचा बराचसा दोष एत्रुस्कनांकडे जात नाही. तो त्यांना खणून काढणाऱ्यांच्या सवयींकडे जातो. दोनशे वर्षे मृतांची घरे उघडली गेली. जिवंतांच्या घरांकडे कोणी फारसे पाहिले नाही, आणि पाहिले तेव्हा प्रथम हाती आलेला थर, म्हणजे कौलांचा, फावड्याने बाजूला लोटला.

हे एकोणिसाव्या शतकातले प्रसिद्ध उदाहरण. १८२८ नंतर वुल्ची येथे नेपोलियनचा भाऊ, कानिनोचा राजपुत्र ल्युसियन बोनापार्ट, याच्या जमिनीवर थडग्यांमागून थडगी उघडली गेली आणि हजारो रंगीत ग्रीक भांडी बाहेर आली. पुढे जॉर्ज डेनिस हा इंग्रज प्रवासी तेथे गेला. १८४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने जे पाहिले ते संतापाने लिहून ठेवले आहे: ज्या भांड्यांना बाजारात किंमत नव्हती, ती साधी भांडी मुकादमाच्या देखरेखीखाली मजूर जागच्या जागी पायाखाली चिरडत होते. साध्या भांड्यांची ही गत, तर कौलांची काय कथा? कौलाला ना चित्र, ना बाजारभाव. आणि संख्या मात्र अफाट.

पुढे शास्त्रीय उत्खनन आले तरी नजर लगेच बदलली नाही. १९१६मध्ये वेई येथील पोर्तोनाच्चो मंदिराच्या परिसरात भाजल्या मातीचा, पुरुषभर उंचीचा, हसऱ्या चेहऱ्याचा अपोलो सापडला. आज तो रोमच्या व्हिला जुलियामध्ये आहे आणि एत्रुस्कन कलेच्या प्रत्येक पुस्तकात त्याचे चित्र असते. हा अपोलो मंदिराच्या गाभाऱ्यातला नव्हे. तो उभा होता छपराच्या आढ्यावर. म्हणजे तो त्या छपराचाच एक भाग. पण त्याच्याकडे शिल्प म्हणून पाहणाऱ्यांना तो कोणत्या कौलांवर, कशाच्या आधारे, किती भार पेलून उभा होता, हा प्रश्न सहसा पडत नाही.

हे छप्पर होते तरी कसे? कोकणातली किंवा घाटमाथ्यावरची जुनी कौलारू घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते समजायला दोन मिनिटे पुरतील. एत्रुस्कन छपरात मुख्य कौले दोन प्रकारची. एक मोठे, सपाट, दोन्ही बाजूंच्या कडा वर उचललेले; रोमन लोक त्याला तेगुला म्हणत. दुसरे अर्ध्या नळीसारखे, उपडे, ते इम्ब्रेक्स. सपाट कौले शेजारीशेजारी मांडायची आणि दोहोंमधल्या फटीवर नळीचे कौल उपडे घालायचे. आढ्यावर त्याहून मोठी नळी. वळचणीला शेवटच्या नळीचे तोंड उघडे राहते, ते झाकायला स्त्रीमुख किंवा राक्षसमुख असलेली मातीची तबकडी. तत्त्व आपल्याकडच्या नळीच्या कौलांचेच, की एकाने पाणी वाहून न्यायचे आणि दुसऱ्याने फट झाकायची. फक्त एत्रुस्कन सपाट कौल आपल्या नळीच्या कौलापेक्षा कितीतरी मोठे आणि जड.

या जडपणातच खरा इतिहास आहे. अशी कौले बहुधा खिळ्यांनी ठोकत नसत. ती स्वतःच्या वजनाने जागी राहात, म्हणून छपराचा उतार कमी ठेवावा लागे. गवती छपराचे नेमके उलटे: पाणी मुरू नये म्हणून त्याला तीव्र उतार हवा, पण भार मात्र नगण्य. तेव्हा गवत जाऊन कौल आले, याचा अर्थ केवळ वरचे आच्छादन बदलले असा होत नाही. जाड वासे लागले. ते पेलायला मजबूत भिंती लागल्या, भिंतींना दगडी पाया लागला. लंबगोल झोपडीवर सरळ कडांची कौले बसत नाहीत, म्हणून घर काटकोनी झाले. काटकोनी घराला खोल्या जोडता येतात, घराशेजारी घर बांधता येते, त्यातून गल्ली निर्माण होते. शिवाय माती आणणारे, साच्यात कौल घालणारे, भट्टी लावणारे, सरपण तोडणारे असे हातही आले. आणि त्यांना पोसणारा, राबवणारा कोणीतरी आला. मध्य इटलीत हे सारे इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात घडताना दिसते. शहर नावाची गोष्ट तेथे कशी जन्मली, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने सोन्याच्या दागिन्यांआधी कौलाचे वजन करावे.

आता छप्पर पडते कसे, हे पाहू. कारण उत्खननात छप्पर ‘सापडत’ नाही, पडलेले छप्पर सापडते. आणि प्रत्येक छप्पर आपापल्या रीतीने पडते.

वासे जळून गेले तर कौले जवळजवळ सरळ खाली येतात. ती तुटतात, पण तुकडे एकमेकांजवळ राहतात, ओळी ओळखू येतात आणि खाली कोळशाचा थर असतो. भिंत बाहेरच्या बाजूला कलली तर पाखी तिच्या दिशेने घसरते आणि घराबाहेर कौलांची रास पडते. घर सोडून माणसे निघून गेली आणि छप्पर वर्षानुवर्षे हळूहळू गळत राहिले, तर कौलाकौलांच्या मध्ये वाहून आलेल्या मातीचे पापुद्रे साठतात. आणि जाणाऱ्यांनी चांगली कौले उतरवून नेली असतील तर? तर मागे नुसते तुकडे उरतात. अखंड कौल शोधूनही मिळत नाही. म्हणजे जे नाही, तेही पुरावा ठरते. गावाकडे घर मोडले की आधी कौले उतरवून कुणाच्या तरी गोठ्यावर चढतात, हे ज्याला माहीत आहे त्याला हा तर्क शिकवावा लागत नाही.

हे सगळे वाचायचे तर एकच अट: कौल उचलण्याची घाई करायची नाही. आधी थापीने आणि ब्रशने संपूर्ण पृष्ठभाग मोकळा करायचा. प्रत्येक तुकडा आपल्या जागी, आपल्या कोनात पडलेला दिसला पाहिजे. तो सुलटा आहे की पालथा, कोणत्या दिशेला घसरला आहे, किती खोलीवर आहे, याची नोंद घ्यायची. पूर्वी हे काम कागदावर तुकडान्‌तुकडा रेखाटून होई. आता शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकावर त्रिमितीय प्रतिमा उभी करता येते, त्यामुळे वेळ वाचतो; पण डोळ्यांचे काम वाचत नाही. मग वरचा पदर उचलायचा, खालचा उघडा करायचा, पुन्हा नोंद. उन्हात गुडघे टेकून दिवसचे दिवस केलेल्या या कामातून सायंकाळी दाखवण्यासारखे काहीच हाती येत नाही. स्वयंसेवक विद्यार्थ्याला ते नकोसे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु या थराखाली जमीन असते, आणि ती छपराने मोहोरबंद केलेली असते. छप्पर पडल्यानंतर तेथे कोणी काही ठेवले नाही, तेथून काही नेले नाही. चिरडलेले रांजण, चुलीची राख, मागाची वजने, हाडाचे कोरीव तुकडे, सगळे त्या शेवटच्या दिवशी जसे होते तसे. वरची कौले बेफिकिरीने फावड्याने काढली की ही मोहोर फुटते. नंतर खालच्या वस्तू कितीही काळजीने वेचल्या तरी त्या छपराआधीच्या की नंतरच्या, हे सांगता येत नाही.

कौलांच्या या शास्त्राला खरी प्रतिष्ठा मिळाली ती व्हितेर्बोजवळच्या आक्वारोस्सा येथे. १९६६ ते १९७८ या काळात रोममधील स्वीडिश संस्थेने हे गाव खणले. स्वीडनचा राजा सहावा गुस्ताफ आडोल्फ हा स्वतः पुरातत्त्वाचा जाणकार होता आणि या उत्खननात तो भाग घेई, त्यामुळे वर्तमानपत्रांत त्याचीच छायाचित्रे झळकली. पण आक्वारोस्साचे मोल राजामुळे नव्हते. तेथे मंदिरे-थडगी नव्हे, तर साध्या माणसांची घरे होती, इ.स.पू. सहाव्या शतकात ओस पडलेली, आणि नंतर त्यांच्यावर दुसरे शहर न बसल्यामुळे छपरांसकट तिथेच राहिलेली. ओर्यान विकांडर या अभ्यासकाने तेथील कौलांचा असा कसून अभ्यास केला की उत्खननाच्या अहवालमालेत कौलांना स्वतंत्र खंड मिळाला.

त्या अभ्यासातली एक गोष्ट विसरता येत नाही. काही सपाट कौलांना मध्ये भोक आणि भोकाभोवती उंच कड होती. कड पावसाचे पाणी आत येऊ देत नसे. भोकातून चुलीचा धूर बाहेर जाई आणि उजेड आत येई. आपल्याकडे स्वयंपाकघरावर काचेचे कौल बसवतात, त्याचाच हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा भाऊ. एत्रुस्कन स्वयंपाक, एत्रुस्कन अंधार, धुराने चुरचुरणारे एत्रुस्कन डोळे, यांविषयी कोणत्याही थडग्यातले रंगीत भित्तिचित्र इतके सांगत नाही. थडग्यांच्या भिंतींवर मेजवान्या आहेत. धूर नाही.

कौले कोठून आली, हा वादही मोठा रंजक आहे. थोरल्या प्लिनीने एक कथा नोंदवली आहे. कॉरिंथचा देमारातोस नावाचा धनिक स्वदेशातून पळून एत्रुरियात आला आणि त्याच्याबरोबर मातीकाम करणारे तीन कारागीर आले. त्यांनी इटलीत ही कला रुजवली. याच देमारातोसचा मुलगा पुढे रोमचा राजा झाला, असे रोमन परंपरा मानते. कॉरिंथमध्ये इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्यापूर्वीच कौलारू मंदिर उभे होते, हे उत्खननाने सिद्ध झाले आहे. त्यामुळे ‘ग्रीकांनी दिले, एत्रुस्कनांनी घेतले’ असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो.

पडलेली छपरे हे समीकरण इतके सोपे ठेवत नाहीत. पोज्जो चिविताते येथील पहिली कौलारू छपरे कॉरिंथच्या छपरानंतर फार काळाने आलेली नाहीत. पिढी-दोन पिढ्यांचेच अंतर. आणि त्यांचे रूप कॉरिंथचे नाही. त्यांच्या आढ्यावर मातीच्या सपाट पत्र्यातून कातरून काढलेल्या नक्ष्या उभ्या होत्या. त्याआधीच्या काळात मृतांची रक्षा झोपडीच्या आकाराच्या लहान पात्रांत ठेवण्याची प्रथा होती. त्या पात्रांकडे पाहिले तर गवती छपराच्या आढ्यावर एकमेकांना छेदणारी, शेंड्याशी पक्ष्यांची मुंडकी असलेली लाकडे दिसतात. आढे सजवण्याची हौस या भूमीतली जुनीच. कल्पना परदेशी असेल, मुकुट मात्र घरचा. प्लिनीची कथा खोटी म्हणण्याची गरज नाही. पण तीन कारागिरांच्या पदरात एका संपूर्ण समाजाचे श्रेय टाकण्याचीही गरज नाही.

आता पुन्हा मुर्लोच्या टेकडीवर. तेथे एक छप्पर आगीत पडले, हे सुरुवातीला आले. १९६६मध्ये ब्रिन मॉर महाविद्यालयाच्या काइल मेरेडिथ फिलिप्स यांनी तेथे उत्खनन सुरू केले. कारखान्याच्या राखेनंतर लवकरच, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी, त्याच जागी एक प्रचंड इमारत उभी राहिली होती: मध्ये चौक, चारी बाजूंना इमारतीच्या ओळी, प्रत्येक बाजू सुमारे ६० मीटर. त्या काळच्या इटलीत याहून मोठी इमारत दाखवणे कठीण. तिच्या आढ्यावर पुरुषभर उंचीच्या मातीच्या मूर्ती बसवल्या होत्या. त्यांतली रुंद काठाची उंच टोपी आणि चौकोनी दाढी असलेली मूर्ती ‘मुर्लोचा काउबॉय’ म्हणून जगभर ओळखली जाते. नाव गमतीदार आहे आणि त्याने मूर्तीचे थोडे नुकसानही केले आहे; तिच्यापुढे उभा राहणारा आधी हसतो, मग पाहतो.

हे दुसरे छप्पर कोसळले नाही. ते पाडले गेले. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास कोणीतरी इमारत हेतुपुरस्सर उद्ध्वस्त केली, आढ्यावरच्या मूर्ती फोडल्या, तुकडे वाहून नेऊन पुरले. त्यानंतर या टेकडीवर पुन्हा तसे काही उभे राहिले नाही. हे कोणी केले? बलाढ्य शेजारी किउसीकडे अनेकांनी बोट दाखवले आहे, पण नाव लिहिलेला पुरावा नाही. इमारत कशाची होती यावरही मतभेद आहेत: फिलिप्स यांच्या मते ती अनेक वस्त्यांची सभेची जागा; इतरांच्या मते एका सरदार घराण्याचा वाडा. वाद काहीही असो, पाडणाऱ्यांनी आपला राग नेमका कोठे काढला ते पाहण्यासारखे आहे. छपरावर. दूरवरून दिसणारी, त्या घराची सत्ता आकाशरेषेवर मिरवणारी गोष्ट तीच होती.

एकाच टेकडीवर दोन छपरांचे अवशेष. एक अपघाताने पडलेले, दुसरे माणसांनी ठरवून उतरवलेले. दोन्हीकडे हाती लागतात ते लाल मातीचेच तुकडे. पोत्यात भरले तर एकमेकांपासून ओळखू येणार नाहीत. फरक आहे तो केवळ ते कसे पडले होते यात. हा फरक पोत्यात भरता येत नाही, तो जमिनीवर असतानाच टिपावा लागतो. नाहीतर अपघात आणि सूड दोन्ही इतिहासात ‘इमारत नष्ट झाली’ या एकाच वाक्यात जाऊन बसतात.

या आग्रहाला एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. कौले टनावारी निघतात. गोदामांना मर्यादा आहे, पैशाला त्याहून अधिक. प्रत्येक तुकडा धुऊन, क्रमांक घालून, पेटीत ठेवायचा म्हटले तर उत्खनन पुढे सरकणारच नाही. म्हणून अनेक ठिकाणी कौले मोजतात, वजन करतात, कडा आणि कोपरे असलेले किंवा रंगवलेले तुकडे राखतात, बाकीचे टाकून देतात. यात पाप नाही. प्रश्न क्रमाचा आहे. नोंद करून, दोन्ही बाजू पाहून, मग त्याच चरात जागा नोंदवून पुन्हा पुरलेले कौल उद्याच्या संशोधकाला परत मिळू शकते. न पाहता ढिगाऱ्यावर फेकलेले कौल मिळत नाही. गोदाम भरले आहे ही अडचण खरी. ‘कौलच तर आहे’ ही अडचण नव्हे, ती वृत्ती आहे.

आणि पाहायचे म्हणजे धुऊन, उलटून पाहायचे. कारखान्यातल्या त्या कच्च्या कौलांवर माती, राख आणि वरून पडलेल्या छपराचा चुरा होता. जमिनीतून निघाले तेव्हा ते हजारो तुकड्यांतले आणखी काही तुकडे होते. कोणीतरी त्यांच्यावरची माती उतरवली, तुकडा उजेडात तिरपा धरला, आणि तेव्हा कुठे त्याला टाचेचा खळगा दिसला.